भोपळ्याचा बिनपडद्याचा बँजो: कापण्यापासून वाजवण्यापर्यंत

मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा, लाउडस्पीकरला जोडलेला बँजो इथे अभिप्रेत नाही. हा बँजो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा आहे: भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, आरपार जाणारी दांडी, चार लांब तारा आणि मधूनच सुरू होणारी पाचवी आखूड तार. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत तो घडवला. सेनेगल-गॅम्बिया भागातल्या जोला लोकांचं अकाँटिंग हे वाद्य त्याचं जवळचं नातेवाईक आहे. त्यालाही भोपळा आणि आखूड तार असते, आणि तेही नखाने खाली मारून वाजवतात. जॉन रोज याने १७८५ ते १७९० च्या सुमारास साउथ कॅरोलायनात काढलेल्या जलरंगातल्या चित्रात असाच एक भोपळ्याचा बँजो स्पष्ट दिसतो. त्याला तीन लांब आणि एक आखूड अशा तारा आहेत. १८४० च्या दशकात बाल्टिमोरच्या विल्यम बाउचरने लाकडी कड्यावर स्क्रूने कातडं ताणणारे बँजो विकायला सुरुवात केली. पुढे दांडीवर पडदे (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) आले, पोलादी तारा आल्या आणि भोपळा मागे पडला.

मराठी वाचकाला हा बँजो करायला एक सोय आहे. सतार-तानपुऱ्यासाठी लागणारे जाड सालीचे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात आणि मिरजेच्या वाद्यकारांकडे येतात. तानपुऱ्याला लहान पडतो म्हणून बाजूला टाकलेला भोपळा आपल्या कामाचा.

आधी ताणाचा हिशेब

या वाद्यात जे काही मोडतं, ते बहुतेक वेळा जास्त ताणाने मोडतं. आवाज मोठा हवा म्हणून कातडं ओढून बसवलं जातं, सूर चढवला जातो, पोलादी तारा लावल्या जातात आणि मग भोपळ्याची कड तडकते. पडद्यांच्या आधुनिक बँजोवर पोलादी तारांचा एकूण ताण २५ किलोच्या पुढे जातो. भोपळ्यावर तो १७ किलोच्या आसपास ठेवायचा. पुढची सगळी मापं याच आकड्यावर बेतलेली आहेत. एक माप बदललं तर बाकीची पुन्हा तपासा.

तारांची लांबी, म्हणजे मेरूपासून (शिराजवळची, तारा टेकणारी पट्टी) घोडीपर्यंतचं (कातड्यावर उभा राहून तारा पेलणारा तुकडा) अंतर, ६३५ मिमी. तारांसाठी क्लासिकल गिटारचा नायलॉनचा एक सेट आणि पहिल्या तारेचा एक जादा नग पुरतो. गिटारची पहिली तार (सुमारे ०.७ मिमी) बँजोची पहिली, तशीच दुसरी पाचव्या जागी, गिटारची दुसरी (०.८) आणि तिसरी (१.०) त्याच क्रमाने, आणि चौथी गुंडाळलेली तार चौथ्या जागी. उरलेल्या दोन जाड तारा बाजूला ठेवा. पहिली तार पांढरी दोनच्या (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराच्या) पंचमात लावली की प्रत्येक तारेवर साधारण ३ ते ४ किलो ताण येतो.

सामान

भोपळा: पूर्ण वाळलेला, २३ ते २४ सेमी व्यासाचा, साल निदान ६ मिमी.
दांडी: सरळ रेषांचं सागवान किंवा तून, ९५ सेमी लांब, ६५ मिमी रुंद, ४५ मिमी जाड.
कातडं: बकऱ्याचं कच्चं, केस काढलेलं, न कमावलेलं, ०.५ ते ०.७ मिमी जाड, ३५ सेमीचा तुकडा.
खुंट्या: व्हायोलिनच्या किंवा सतारीच्या लहान, पाच.
पितळी चुका ८ ते १० मिमीच्या, साधारण ३२. दोनचार मोडतील, म्हणून ४० घ्या.
मेरूसाठी हाड किंवा शिसवाची चिपटी, घोडी आणि लंगोटासाठी (तारांची मागची टोकं अडकवायची पट्टी) कठीण लाकडाचे तुकडे, १.५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी, सरस किंवा फेविकॉल, जवसाचं तेल, चपडा लाखेचं पॉलिश.

हत्यारांत बारीक दातांची करवत, पटाशी, रंधा, लाकडाची खरबरीत कानस, ड्रिल, गुण्या आणि फूटभर लांबीची पोलादी पट्टी लागेल. खुंट्या व्हायोलिनच्या असतील तर १:३० उताराचा रीमर (भोक निमुळतं करणारं हत्यार) हवाच. त्याशिवाय खुंटी कधीच नीट धरत नाही. रीमर विकत घ्यायचा नसेल तर खुंट्यांची भोकं सतार दुरुस्त करणाऱ्याकडून पाडून घ्यावीत.

भोपळा

भोपळा हलवून पाहा. आत बिया खडखडल्या आणि तो हाताला हलका लागला तर वाळलेला आहे. नखाने दाबून साल दबली तर तो कच्चा तोडलेला आहे आणि चुका धरणार नाही. बाहेर बुरशीचे डाग असतील तर अर्धा तास ओल्या फडक्यात गुंडाळून तारेच्या घासणीने घासा. डागांनी काही बिघडत नाही.

काप देठाच्या अक्षाला समांतर घ्यायचा. देठाकडून दांडी आत शिरेल आणि विरुद्ध टोकाकडून बाहेर पडेल, कारण या दोन जागी साल सहसा जाड असते. भोपळ्याच्या मध्यरेषेपासून साधारण साडेचार सेमी वर काप घेतला तर तोंड २१ ते २२ सेमीचं होतं आणि खोली १६ सेमीच्या जवळपास राहते. रेघ ओढायला भोपळा वाळूच्या थाळीत घट्ट बसवा, लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा सपाट फरशीवरून भोवती फिरवा. हाताने अंदाजे ओढलेली रेघ कायम नागमोडी निघते.

कापताना आणि आतून खरवडताना तोंडाला चांगला मास्क बांधा. भोपळ्याची सुकी धूळ फुप्फुसाला त्रासदायक असते, आणि पुढे कित्येक दिवस खोकला लागू शकतो. आतला कापूस आणि पापुद्रे चमच्याच्या कडेने पूर्ण काढा. अर्धवट राहिलेले पापुद्रे पुढे वाजवताना आत थरथरतात आणि दोष घोडीत आहे असं वाटत राहतं. आतून चपड्याचा एक हात द्या.

आता कड. ८० नंबरचा सँडपेपर प्लायवूडला चिकटवून त्यावर तोंड पालथं घालून गोल फिरवा, कडेचा प्रत्येक भाग कागदाला टेकेपर्यंत. मग कडेची बाहेरची धार २ मिमी गोल करा, नाहीतर कातडं नेमकं तिथेच फाटतं. साल कुठे ५ मिमीपेक्षा पातळ भरली तर आतून वेताची किंवा बांबूची पट्टी सरसाने चिकटवा. बाजूला, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे येणाऱ्या अंगाला, ३५ ते ४० मिमीचं एक भोक पाडलं तर आवाज वाजवणाऱ्यालाही नीट ऐकू येतो. ते ऐच्छिक आहे.

दांडी आणि तिचा कोन

सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. भोपळा वेडावाकडा असला तरी चालतो, पण दांडीचा कोन चुकला तर वाद्य वाजवण्याजोगं राहत नाही.

लांबीची वाटणी अशी: शिर १५० मिमी, मेरूपासून भोपळ्याच्या कडेपर्यंत ४९० मिमी, त्यापुढे भोपळ्याच्या आरपार साधारण २३५ मिमी आणि मागे बाहेर आलेलं टोक १५ मिमी. घोडी तोंडाच्या आत कडेपासून १४५ मिमीवर बसते, म्हणजे मागच्या कडेपासून ७० मिमीवर. तुमचं तोंड २१५ मिमीपेक्षा लहानमोठं असेल तर घोडीचं हे एक-तृतीयांशाचं प्रमाण ठेवा आणि ४९० चा आकडा त्याप्रमाणे बदला.

रुंदी मेरूपाशी ३५ मिमी, पाचव्या खुंटीच्या अलीकडे ३८. तिथे पायरीसारखा फुगवटा येऊन ४६, आणि भोपळ्यापाशी ५२. शिर वरच्या बाजूला धरून समोरून पाहिलं तर हा फुगवटा डावीकडे येतो (उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी). शिर १० अंश मागे झुकवा. १५० मिमी लांबीत हा कल सुमारे २६ मिमी खाली जातो, म्हणून १५ मिमी जाडीचं शिर ४५ मिमीच्या फळीत एकसंध निघतं, जोड द्यावा लागत नाही. शिर १५ मिमीपेक्षा पातळ करू नका. कललेल्या जागी लाकडाच्या रेषा तुटलेल्या असतात आणि वाद्य पडलं की तिथेच मोडतं.

आरपार जाणारा भाग वरून २५ मिमी खाली उतरवायचा, म्हणजे खाली २० मिमी उंच आणि २५ मिमी रुंद काठी उरते. मागचं टोक १६ मिमी गोल करा. ही काठी कातड्याला कधीही लागता कामा नये. लागली तर आवाज खोक्यावर टकटक केल्यासारखा येतो, आणि कातडं बसवल्यावर काठी तासणं फार त्रासाचं होतं.

आता कोन. दांडीचा वरचा सपाट भाग भोपळ्याच्या कडेपेक्षा ५ मिमी वर यायला हवा, आणि दांडी शिराच्या बाजूला दीड अंश मागे झुकायला हवी. अंश मोजत बसू नका. दांडी भोपळ्यात सैल बसवा, तिच्यावर पोलादी पट्टी सपाट ठेवा आणि पट्टीचं टोक घोडीच्या जागेपर्यंत न्या. पट्टीच्या खालच्या कडेपासून तोंडाच्या पातळीपर्यंत ८ ते ९ मिमी अंतर भरलं की कोन बरोबर. कारण साधं आहे. घोडी १६ मिमी उंच असते. दांडीची पातळी घोडीपाशी कातड्यापासून साडेआठ मिमी वर असेल तर तार दांडीच्या पातळीपासून तिथे साडेसात मिमी वर राहते, आणि मधोमध, म्हणजे सप्तकाच्या जागी, ४ मिमीच्या आसपास. नखाने खाली मारायला तेवढी जागा लागतेच. दांडी कातड्याच्या पातळीत आणि बिनझुकावाची बसवली तर तीच उंची ८ मिमी होते आणि डाव्या हाताची बोटं तार दाबताना सूर चढवून टाकतात.

या झुकावामुळे मागचं भोक पुढच्यापेक्षा ६ मिमी वर येतं. पुढच्या चौकोनी भोकाचा मध्य कडेखाली ३० मिमी, मागच्या गोल भोकाचा २४ मिमी. आधी पुढचं भोक पाडा, काठी आत सरकवा, पट्टीने अंतर जुळवा आणि काठीचं टोक जिथे टेकेल तिथे आतून खूण करून मगच मागचं भोक पाडा. ते उभ्या दिशेत २ मिमी मोठं ठेवलं तर नंतर लाकडी पाचर सारून कोन थोडा बदलता येतो. काठी वर ढकलण्यासाठी खालून सारलेल्या १ मिमी पाचरीने मधोमध तार सुमारे ०.३ मिमी खाली येते. मोठी चूक पाचरीने सुधारत नाही.

दांडीचं भोपळ्याला टेकणारं तोंड गोलाईत बसवायला भोपळ्यावर त्या जागी सँडपेपर खरबरीत बाजू वर करून धरा आणि दांडी पुढेमागे घासा. दहा मिनिटांत नेमका आकार उतरतो. हा सांधा चिकटवायचा नाही. तारांचा ताणच दांडीला भोपळ्यावर दाबून धरतो, आणि कधी कोन बदलायचा झाला तर ती मोकळी असलेली बरी.

वरचा भाग रंध्याने सपाट करून ३२० नंबरपर्यंत घासा. पोलादी पट्टी लांबीत ठेवल्यावर मधोमध जाड कागद सरकेल इतका खोलगटपणा चालतो, मधे फुगवटा मात्र नको. मागची बाजू अर्धगोल, मेरूपाशी २० मिमी जाड, भोपळ्याकडे २५ पर्यंत, आणि शेवटच्या पाच-सहा सेमीत पूर्ण ४५ मिमीचा पाया. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात एक दिवस वाळवा. वार्निश लावलं तर घामाने हात चिकटतो.

कातडं

तबला-ढोलकी करणाऱ्यांकडे कच्चं कातडं मिळतं. तयार पुडी घेऊ नका, तिला दोन थर आणि शाई असते. सुटं, पातळ, एकेरी कातडं मागा आणि उजेडासमोर धरून पाहा. जखमेचे व्रण, पातळ ठिपके दिसले तर दुसरा तुकडा घ्या. पाठीच्या कण्याची रेघ दांडीच्या रेषेत मधोमध आणा. पोटाकडचं कातडं पातळ असतं आणि एका बाजूला आलं तर ताण असमान होतो. घोरपडीचं कातडं कोणी देऊ केलं तरी नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. गोव्याच्या घुमटालाही पूर्वी तेच लागे, आता बकऱ्याचंच लावतात.

कातडं थंड पाण्यात एक-दोन तास भिजवा, ओल्या फडक्यासारखं मऊ पडेपर्यंत. गरम पाणी अजिबात नको. उष्णतेने ते आखडतं, रबरासारखं होतं आणि वाया जातं.

दांडी काढून घ्या. कडेखाली १० मिमीवर २० मिमी अंतराने खुणा करून १ मिमी ड्रिलने भोकं पाडा. भोकं न पाडता चुका ठोकल्या तर भोपळ्याला चीर जाते. दांडीच्या ५२ मिमी रुंदीत चुका नकोत, नाहीतर दांडी त्यांच्या डोक्यांवर टेकेल. तिथे फक्त सरस. कडेच्या बाहेरच्या अंगाला सरस लावा, पाणी झटकलेलं कातडं पसरा आणि चुका समोरासमोर मारत जा: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मग मधल्या जागा.

किती ओढायचं? सुरकुती जाईल इतकंच. बोटाने दाबल्यावर ओलं कातडं मधोमध एक सेमीभर खाली जायला हवं. वाळताना ते स्वतःच आवळतं, आणि तबल्यासारखं ताणून बसवलेलं कातडं वाळताना चुका उपटतं किंवा तोंड अंडाकृती करून टाकतं. हे रात्री आपण झोपेत असताना टिकटिक आवाज करत घडतं आणि सकाळी दिसतं.

सावलीत दोन दिवस वाळवा. ऊन, पंख्याचा थेट झोत, हेअर ड्रायर काहीही नको, कारण एक बाजू आधी वाळली तर सगळा ताण तिकडे सरकतो. वाळल्यावर टिचकी मारा. टणक पण खोल आवाज आला म्हणजे जमलं. खाली लोंबणारं कातडं चुकांखाली ५ मिमी ठेवून कापा, दांडीच्या दोन्ही भोकांवरचं कातडं धारदार पात्याने उघडा आणि दांडी परत बसवा.

खुंट्या, मेरू, लंगोट, घोडी

शिर ६० मिमी रुंद ठेवा. खुंट्यांची भोकं दोन्ही कडांपासून १५ मिमी आत, पहिली जोडी मेरूपासून ४५ मिमीवर, दुसरी ९५ मिमीवर. ६ मिमी ड्रिल करून रीमरने थोडं थोडं वाढवत प्रत्येक खुंटी लावून पाहा. खुंटी मागून शिरते, तार समोर गुंडाळते. खुंटी घसरत असेल तर खडू, अडकत असेल तर सुका साबण. दोन्ही लावून चारदोन वेळा फिरवली की ती जागा धरते.

पाचवी खुंटी फुगवट्याच्या बाजूने, मेरूपासून १३५ मिमीवर. तिची तार टेकायला मेरूपासून १५९ मिमीवर हाडाची बारीक खुंटी किंवा डोकं कापलेली पितळी चूक बसवा. ही जागा पहिल्या तारेच्या पाचव्या अर्धस्वराची असते, म्हणून दोन्ही तारा एकाच जाडीच्या चालतात.

मेरूवर चार खाचा, ९ मिमी अंतराने, बाहेरच्या दोन खाचांत २७ मिमी. खाच इतकी खोल करा की तारेची खालची बाजू लाकडापासून फक्त अर्धा मिमी वर राहील. मेरू उंच राहिला तर पहिल्या दोन-तीन स्वरांना बोट दुखतं आणि सूर चढतो. बिनपडद्याच्या बँजोतला हा सर्वात जास्त आढळणारा दोष आहे.

लंगोट म्हणजे ५० × ३० × ६ मिमीची लाकडी पट्टी, पाच भोकांची. मागच्या १५ मिमी टोकाला दोरीने दुहेरी बांधा. दोरी कडेवरून जाते तिथे कातड्यावर शिसवाची पातळ चिपटी ठेवा, नाहीतर दोरी सहा महिन्यांत कातडं कापते.

घोडी ६५ मिमी लांब, १६ मिमी उंच, पायाशी ६ आणि माथ्याशी २ मिमी जाड. खाली दोन कमानी काढून तीन पाय ठेवा. तारांच्या खाचा १२ मिमी अंतराने, एकूण ४८. वजन २ ते ३ ग्रॅम भरावं. तासण्यापूर्वी आणि नंतर वाजवून पाहिलं तर फरक लगेच कळतो: जड घोडी आवाज मऊ आणि लांब करते, हलकी घोडी तिखट आणि आखूड. घोडी चिकटवू नका.

तारा लावल्यावर पहिल्या दिवशी दोन स्वर खाली ठेवा, तीन दिवसांत हळूहळू चढवा. कातडं घोडीखाली १ ते २ मिमी बसतं. मग तारेची उंची पुन्हा मोजा आणि गरज पडली तर घोडी बदला.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जूनपासून कातडं सैल पडतं, घोडी खाली जाते, तारा दांडीला लागून खरखरतात. यावर उपाय दुसरी घोडी, १८ ते १९ मिमी उंचीची, जूनमध्ये घालायची आणि ऑक्टोबरमध्ये काढायची. वाजवण्याआधी पाच मिनिटं साध्या, तापणाऱ्या बल्बपासून फूटभर अंतरावर धरलं तरी कातडं आवळतं. उन्हाळ्यात विदर्भात उलट होतं. कातडं इतकं ताणलं जातं की वाद्य बंद गाडीत ठेवलं तर फाटू शकतं.

इतर तक्रारी लवकर आटपतात. एकाच तारेवर खरखर असेल तर मेरूची खाच रुंद किंवा खोल झालेली असते, सगळ्या तारांवर असेल तर काठी कातड्याला लागते आहे का किंवा चूक सैल आहे का पाहा. भोपळ्याला चीर गेली तर आतून सरसात बुडवलेली सुती पट्टी लावा, बाहेरून दोरीने आवळून रात्रभर ठेवा.

सूर लावणे

सा पांढरी दोन. पाचवी तार तार सप्तकातला सा, चौथी मंद्र प, तिसरी सा, दुसरी ग, पहिली प. ही लागण (तारा लावण्याची पद्धत) उघड्या तारांवरच सुरेल लागते, म्हणून शिकायला सोपी. दुसरी तार ग वरून म वर चढवली की अमेरिकेत सॉमिल म्हणतात ती लागण मिळते, उदास आणि अधांतरी वाटणाऱ्या धुनांसाठी. तिसरी उपयोगाची लागण अशी: चौथी तार मंद्र प वरून खाली मंद्र म वर आणा, दुसरी म वर चढवा. आता सा बदलला. चौथ्या तारेवर पांढरी पाचचा सा, तिसरीवर त्याचा प, दुसरीवर वरचा सा, पहिलीवर रे, पाचवीवर वरचा प. १८५५ मध्ये छापलेल्या ब्रिग्जच्या बँजो शिकवणाऱ्या पुस्तकात चौथी तार अशीच खाली उतरवलेली आहे, फक्त दुसरी तार तिथे ग वरच राहते.

पडदे नाहीत, म्हणून दांडीच्या वरच्या कडेवर पेन्सिलने मेरूपासून या खुणा करा: ६९, १०१, १३१, १५९, २११, २५७, ३१७ मिमी. पहिल्या लागणीत पहिल्या तारेवर ६९ ला ध, १०१ ला कोमल नी, १३१ ला शुद्ध नी, १५९ ला सा येतो. तिसऱ्या तारेवर ६९ ला रे. म दुसऱ्या तारेवर ३६ मिमीवर. बोट खुणेच्या मागे नाही, नेमकं खुणेवर ठेवायचं. सतारीची सवय असलेल्यांना याचीच अडचण होते. आणि बोटाचं टोक वापरा, गादीने दाबलं तर तार लगेच विझते.

नखाचा हात

याला क्लॉहॅमर किंवा फ्रेलिंग म्हणतात. बोटं अर्धवट मिटून हात सैल ठेवा. तर्जनी किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली पडते. तार कधीही खालून वर ओढली जात नाही. हालचाल मनगट आणि कोपरातून येते, बोट ताठ राहतं. बोट झटकून वाजवलं तर दहा मिनिटांत दुखतं आणि लय धावते.

मूळ ठेका दोन मात्रांचा: तबल्याच्या भाषेत धा तिट, एक पूर्ण आणि दोन अर्ध्या. पहिल्या मात्रेवर नखाने एकच तार. दुसऱ्या मात्रेच्या पहिल्या अर्ध्यावर नखाने खालच्या दोन-तीन तारांवर झाडणी, आणि त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो, वाजत नाही. हात वर उचलताना अंगठा सुटतो आणि पाचवी तार दुसऱ्या अर्ध्यावर वाजते. शिकणाऱ्यांचा अंगठा झाडणीनंतर वेगळा प्रवास करून येतो, आणि तिथे लय लंगडते. नख आणि अंगठा एकाच क्षणी खाली यायला हवेत. पहिल्या मात्रेवरही अंगठा पाचव्या तारेवर टेकतोच, फक्त वाजवत नाही.

मेट्रोनोम ६० वर ठेवा. आठवडाभर फक्त हे: तिसरी तार, झाडणी, अंगठा. पहिली तार, झाडणी, अंगठा. मग पहिल्या मात्रेची तार बदलत जा: तिसरी, दुसरी, पहिली, दुसरी. मग डाव्या हाताने तिसऱ्या तारेवर रे, पहिल्या तारेवर ध. सा रे ग प ध एवढ्यावर पहिल्या महिन्याचं काम भागतं, कारण जुन्या धुनांपैकी पुष्कळ याच पाच स्वरांच्या आहेत. कोमल नीच्या धुनाही खूप आहेत, त्या नंतर. वाजवायची जागा घोडीजवळ नाही, दांडी भोपळ्याला मिळते तिथे कडेवर. तिथे आवाज गोल येतो आणि नखाला तार मऊ लागते.

दुसऱ्या टप्प्यात ड्रॉप थंब: अंगठा पाचवी सोडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या तारेवर उतरतो आणि अर्ध्या मात्रेचा मधला स्वर वाजवतो. त्याबरोबर डाव्या हाताचे दोन प्रकार घ्या, बोट आपटून स्वर काढणं आणि बोट ओढून तार सोडणं. बिनपडद्याच्या दांडीवर घसरत जाणारी मींड आपोआप येते, तीच या वाद्याची खरी गंमत आहे.

धून कशी असते

धुनेचे सहसा दोन भाग, प्रत्येकी आठ बारचे (बार म्हणजे ठराविक मात्रांचा गट), प्रत्येक दोनदा: पहिला, पहिला, दुसरा, दुसरा. हे एक चक्र. नाचासाठी ते दहा-पंधरा मिनिटं फिरत राहतं. फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि बँजो एकच धून एकत्र वाजवतात. आळीपाळीने एकट्याने सूर रंगवण्याची पद्धत ब्लूग्रास या नंतरच्या अमेरिकी शैलीची, या जुन्या धुनांत ती खपत नाही.

ऐकायला नॉर्थ कॅरोलायनाच्या राउंड पीक भागातले टॉमी जॅरेल (१९०१-१९८५) आणि काइल क्रीड, मेबेनचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८-२०१२) निवडा. जो थॉम्पसन यांच्याकडे गायिका आणि बँजोवादक रिआनन गिडन्स आणि त्यांचे सहकारी शिकले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर व्हर्जिनियाच्या हेन्री रीड यांच्या फिडलची १९६६-६७ मधली ध्वनिमुद्रणं मोफत आहेत. एका धुनेला निदान दोन आठवडे द्या आणि आधी ती तोंडाने म्हणता यायला हवी.

फिडलवाल्याबरोबर बसलात तर पांढरी दोनच्या धुना पहिल्या लागणीत आणि पांढरी पाचच्या तिसऱ्या लागणीत थेट वाजतील. पांढरी सहाच्या धुनांना सगळ्या तारा एक स्वर चढवू नका, ताण १७ वरून २१ किलोवर जातो. त्याऐवजी तिसऱ्या लागणीत राहून ६९ मिमीच्या खुणेवर चार तारांवर कापो (तारा एकत्र दाबून धरणारी पकड) लावा. पाचव्या तारेसाठी मेरूपासून २११ मिमीवर एक बारीक वाकडी चूक बसवून ठेवा आणि तार तिच्याखाली सरकवा.